दिंडांच्या वाफेवर उघडलेला डबा

आधी अक्काचं सांगतो, मग बाकीचं. बाकीचं जे काही आहे ते तिच्यामुळंच आहे, आणि ते सांगायच्या नादात तिचं राहून जाईल अशी मला सारखी भीती वाटते. मला भीती वाटायला तसं फार काही लागत नाही.

अक्का म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. गुलबर्ग्याला मी ज्या मास्तरांच्या घरी खोली घेऊन राहत होतो, त्यांची ही बायको. आमच्याकडं घर कन्नड असो, मराठी असो, वयानं मोठ्या बाईला अक्काच म्हणतात, तसं मीही म्हणालो. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. तिचं माहेर राजेश्वर, बसवकल्याणच्या अलीकडचं. तोंडावर मी तिला 'तुमी' म्हणायचो. मनात मात्र 'तू'च म्हणत आलोय, म्हणून लिहितानाही तसंच लिहितो. तिला कुणी वाचून दाखवलं तर ती रागावणार नाही.

मी बिदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरचा. आमच्या गावात मराठी शाळा तेव्हा सातवीपर्यंत होती. पुढं शिकायचं तर बाहेरगावी जायचं आणि कन्नडात शिकायचं. बाजारात कन्नड बोलायला मला कधी अडचण आली नाही, पण भूमिती कन्नडात आली की त्रिकोणसुद्धा परका वाटायचा. थोडे दिवस गेलो आणि शाळा सोडली. घरात कुणी रागावलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मग गावातले बंद पडलेले रेडिओ खोलत बसायचो. काही सुरू व्हायचे, काही कायमचे गप्प व्हायचे. विशी ओलांडली तेव्हा एका ओळखीच्या माणसानं गुलबर्ग्याच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शब्द टाकला आणि मी पिशवी घेऊन निघालो. दोन बसा बदलून, अख्खा दिवस घालवून पोचलो. त्याआधी मी बिदरच्या पलीकडं गेलेलो नव्हतो.

खोली मागायला गेलो तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं. सांगितलं. मास्तरांनी एकदा अक्काकडं बघितलं. माझ्या आजोबांनी छप्पननंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आमच्या आडनावावरून गाव, गल्ली सगळं कळतं, आणि त्या बघण्याची मला लहानपणापासून सवय होती. मी पिशवी उचलायच्या बेतात होतो.

"खोली रिकामीच हाय न्हवं?" अक्का म्हणाली. "उंदरं ऱ्हायलेत तिथं. त्यापरीस हा बरा."

असा मी तिथं राहिलो. चहा अक्काच द्यायची. माझा कप तेवढा वेगळा असायचा, बाहेरच्या कोनाड्यात. पिऊन झालं की मी तो धुऊन परत कोनाड्यात ठेवायचो. त्यावर कुणी कधी काही बोललं नाही, मीही नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तसं होतं म्हणून लिहितो.

दुकान बाजारात होतं. मालकांना सगळे उस्ताद म्हणायचे. अर्धं दखनी, अर्धं मराठी बोलायचे आणि दोन्हीतून टोमणे मारायचे. दुकानात एक लांब टेबल आणि दोन स्टुलं. एकावर उस्ताद. दुसऱ्यावर आधी जो कारागीर बसायचा तो आखाताकडं निघून गेला होता, तेव्हापासून ते स्टूल रिकामं. मी खाली पोत्यावर बसून जुन्या रेडिओंतले भाग सोडवून वेगळे करायचो. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "देखेंगे. हात बैठा तो स्टूल पे बैठ. नै तो गाँवकू जा, बाप के साथ बैठ." राग नव्हता त्यात. पण मी रोज सकाळी दुकानात शिरताना आधी ते स्टूल बघायचो. रिकामं दिसलं की बरंही वाटायचं आणि धाकही वाटायचा.

त्या वर्षी आषाढाच्या शेवटी नौबादचा गिटारवाला दुकानात आला. माणूस बिदरजवळच्या नौबादचा, पण वाजवायचा गुलबर्ग्याच्या एका ऑर्केस्ट्रात. लग्न, गणपती, कॉलेजचं संमेलन, सगळीकडं. त्यानं पिशवीतून एक लोखंडी डबा काढला, साबणाच्या मोठ्या वडीएवढा. वर पायानं दाबायचं बटण, दोन बाजूंना वायरी लावायची भोकं.

"पेडल हाय," तो म्हणाला. "गिटारची वायर हितून जाती, तिकडून भोंग्याला जाती. पायानं दाबलं की आवाज फाटतो."

"फाटतो?" उस्तादांनी चष्मा वर केला.

"फाटतो म्हंजे... जाड व्हतो, खरखरतो. लोकं येडी व्हतात."

उस्ताद माझ्याकडं वळले. "सुन रे. पूरी जिंदगी गई फटा आवाज सुधारने में. और ये मियाँ आवाज फाड़ने की मशीन रिपेरी कू लाया!"

गिटारवाला हसला, पण त्याचं हसू लवकर सरलं. डबा बंद पडला होता. मुंबईत ज्यानं तो बनवला होता त्यानं धंदा सोडला होता. आणि गणपतीतल्या कार्यक्रमांसाठी मंडळांनी त्याच आवाजासाठी ह्याला बोलावलं होतं.

डब्याचे स्क्रू काढले. आत तारा, भाग काहीच दिसेना. एक काळी कुळकुळीत, दगडासारखी घट्ट वडी. तिच्यातून चार-पाच वायरी बाहेर आलेल्या, बाकी सगळं तिच्या पोटात. उस्तादांनी तिच्यावर नख वाजवलं.

"मसाला भर्या है," ते म्हणाले. अशा घट्ट होणाऱ्या काळ्या लेपाला दुकानात मसालाच म्हणायचे. बनवणारा पातळ असताना ओततो. तो जमतो आणि आतलं सगळं गाडून टाकतो. धक्का लागू नये, ओल लागू नये म्हणून. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यानं बघून तसंच करू नये म्हणून.

उस्तादांनी ती वडी बराच वेळ हातात खेळवली आणि माझ्यापुढं पोत्यावर ठेवली. "ये खोल. अंदर का सामान टूटना नक्को. किस के बाद क्या लगाया, मेरेकू नक्शा होना. पंचमी के बाद देख्तूं." मग त्यांनी हनुवटीनं रिकाम्या स्टुलाकडं दाखवलं. आणखी काही बोलायची गरज नव्हती.

मी ती वडी रुमालात बांधून घरी आणली. वाटेत दोनदा रुमाल उघडून बघितला, जसं काही ती पळून जाणार होती.

मला वाटलं, डांबरच आहे. गुलबर्ग्याच्या उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून येतं हे मी बघितलेलं. म्हणून मी ती वडी पत्र्यावर ठेवली आणि उन्हाची वाट बघत बसलो. तो होता श्रावण. रोज ढग. दुपारी घटकाभर ऊन पडलं की मी दुकानातून धावत यायचो, आणि वडी तशीच थंडगार, वर एखादा चिमणीच्या शिटेचा शेराही. मग रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. रॉकेल काळं झालं नाही, वडी मऊ झाली नाही. झाळ लावायची लोखंडी कहई तापवून टोचली तर असा धूर आला की अक्का पदर नाकाला लावून अंगणात आली.

"काय जाळायलास रे? गल्लीतली कुत्री खोकायलेत."

शेवटी पटाशी आणि हातोडी घेतली. एका कोपऱ्याचा टवका उडाला आणि त्याच्याबरोबर आतल्या एका भागाचा पाय मुडपून बाहेर आला. मी तिथंच थांबलो. असाच पुढं गेलो तर वडी फुटेल, पण आतलं सगळं चुरा होऊन. मग नकाशा कशाचा काढायचा? ती रात्र आणि दुसरा दिवस मी वडीला हात लावला नाही. मनातल्या मनात पिशवी भरत होतो.

तो दुसरा दिवस चौथीचा, नागपंचमीच्या आदला. अक्काचा उपास होता, भावासाठीचा. राजेश्वरहून तिचा भाऊ पंचमीला तिला न्यायला यायचा, बैलगाडीनं, नंतर नंतर बसनं. बहिणीला असं न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. पण दोन वर्षं झाली, तो आला नव्हता. शेताच्या वाटणीवरून मास्तरांशी काहीतरी बोलाचाली झाली होती म्हणे. अक्का उपास मात्र धरायची. संध्याकाळी ती उंबऱ्याशी उभी राहून बस स्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडं बघायची, आणि कुणी बघतंय असं वाटलं की उगीच तोरण नीट करायची.

मला बघून म्हणाली, "तू कामून न्हाई गेलास गावाकडं? सणाला पोरं घरी जातेत."

"आमच्यात हे सण न्हाईत, अक्का. आणि काम ऱ्हायलंय."

"व्हय. माझं बी कामच ऱ्हायलंय समज," ती म्हणाली आणि आत गेली.

पंचमीला सकाळी दुकान बंद. मी विचार केला, शेवटचा एकदा प्रयत्न करू. ओट्यावर फळी ठेवली, फळीवर वडी, पटाशी लावली, हातोडी उचलली.

"थांब!" अक्का आतून ओरडली, अशी की माझ्या हातातली हातोडी खाली आली. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. "आज न्हाई. आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, खणायचं न्हाई."

"अक्का, हे काय जमीन हाय का?"

"काळं हाय. घट्ट हाय. तू त्याच्यात लोखंड घालायलास. मग खणणंच झालं की."

"बरं, कहईनं करतो. हळू हळू."

"तापलेलं लोखंड? अरे, मी आज तवा बी न्हाई ठेवलेला चुलीवर!"

आतून मास्तरांचा आवाज आला, "अगं, त्याला कशाला तुझे नियम?"

"घरात ऱ्हातोय तर घरातलं पाळंल," अक्का म्हणाली.

मी खोलीचं दार लावून आत ठोकत बसलो असतो तर कुणी अडवलं नसतं. तो सण माझा नव्हता, आणि हे मास्तरांनीच बोलून दाखवलं होतं. पण नियम परक्याला कुणी लावत नाही. तिनं लावला. मी पटाशी पिशवीत ठेवून दिली आणि हातावर हात ठेवून बसलो. उद्या दुकान उघडणार होतं आणि माझ्याकडं एक टवका उडालेली काळी वडी होती.

आत दिंडं चालली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कणकेची पारी लाटायची, त्यात पुरण घालायचं, चारी बाजूंनी हातानंच दुमडून चौकोनी घडी करायची, सुरी लावायची नाही, आणि ती वाफेवर उकडायची. पंचमीला तळण नाही, भाजणं नाही. जे काही होतं ते वाफेवर. अक्कानं मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून तोंडाला जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधलं होतं आणि वर परात पालथी घातली होती. घरभर गुळाचा आणि वेलदोड्याचा वास.

शेवटचा घाणा उतरला. अक्का बाहेर आली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "असा काय बसलास? तुझं बी ठेव की वाफेवर."

मला वाटलं चेष्टा करतेय. "वाफेवर?"

"आज सगळ्यांचं वाफेवरच व्हायलंय. दिंडं झाली, पाणी अजून उकळायलंय. चुलीत जाळ हाय. वाफ कामून वाया घालवायची?"

विजेच्या वस्तूला पाणी लावायचं नाही, हे मी सगळ्यात आधी शिकलेलं. पण डबा तसाही मेलेला होता. आणि तिनं माझ्या होकाराची वाट बघितलीच नाही. दिंडांचं फडकं सोडलं, दुसरं जुनेर बांधलं, हात पुढं केला. मी रुमालातून वडी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती फडक्यावर मधोमध ठेवली, एखादं दिंड ठेवावं तशी, आणि परात झाकली.

आम्ही चुलीसमोर बसलो. त्या दिवसापर्यंत मी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलेला नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. बाहेर गल्लीतल्या लिंबाला झोका बांधला होता, पोरींचा आरडाओरडा ऐकू येत होता. अक्कानं ज्वारीच्या लाह्यांची परडी मधे सरकवली.

"राजेश्वरात आमच्या झोका चिंचंला असायचा," ती म्हणाली. "माझा भाऊ इतका उंच चढवायचा की मी रडायची. खाली उतरली की परत चढव म्हणायची."

"येतेल की ते अक्का, पुढच्या वर्षी."

"येतोय म्हण."

बऱ्याच वेळानं तिनं परात उचलली. वाफेचा लोट गेला आणि वडी दिसली. वर पाण्याचे थेंब, बाकी तशीच काळी. मी नख लावलं. नख आत गेलं! दगड नव्हता तो आता. जुन्या चामड्यासारखा, गार झालेल्या मेणासारखा झाला होता. मी काय ओरडलो आठवत नाही, पण मास्तर हातातला पेपर घेऊनच आले.

"लोखंड न्हाई," अक्कानं आधीच बजावलं आणि जुन्या सुपाची एक बांबूची काडी मोडून दिली. मी काडीनं टोकरायला लागलो, पण वडी इतकी गरम की मला धरवेना. एका हातातून दुसऱ्या हातात नाचवत होतो.

"दे हिकडं," ती म्हणाली. आयुष्यभर भाकरी उलटलेली बोटं तिची. तिनं वडी तळहातावर घेतली आणि शेंगा सोलाव्यात तसा मसाला सोलायला लागली. मी काडी घालून कड उचलायची, तिनं चिमटीत धरून ओढायची. गार होऊन घट्ट झाली की परत वाफेवर. पाणी आटलं की परत तांब्याभर. मास्तर मागं उभं राहून म्हणायचे, "सावकाश, सावकाश," आणि अक्का म्हणायची, "तुमी पेपर वाचा."

हळूहळू आतलं जग बाहेर आलं. आधी रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर. अक्का म्हणाली, "अगं बाई, मणी!" मग काचेचा डायोड, मग पत्र्याच्या टोप्या घातलेले ट्रान्झिस्टर. मी एकेक दाखवून सांगत होतो: हा आवाज अडवतो, हा वाढवतो, हा एकाच बाजूनं जाऊ देतो. ती मान हलवत होती, लग्नात नव्या सोयऱ्यांची ओळख करून घ्यावी तशी. एका ट्रान्झिस्टरचा पाय मसाल्याच्या आतच तुटलेला निघाला. डबा त्यानंच बंद पडला होता. आजार सापडला.

आणि मग, अगदी शेवटी, एका कोपऱ्यात, एक आकसलेला चकाकता गोळा निघाला. पारदर्शक प्लास्टिकचा कपॅसिटर असणार. वाफेनं तो वितळून सुरकुतला होता. त्याच्यावरचा आकडा गेला होता. किती मापाचा होता हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

माझे डोळे भरून आले. मोठ्या माणसानं असं रडू नये, पण आले.

"काय झालं?"

"अक्का, एक गेला. वाफेनं गेला. आता नकाशात भोक ऱ्हाणार."

तिनं त्या सुरकुतलेल्या गोळ्याकडं बघितलं, आपल्या काळ्या झालेल्या बोटांकडं बघितलं. वाफ तिनं सुचवलेली, हे तिच्या मनात आलं असणार. मग म्हणाली, "एक गेला. बाकीचं सगळं घरदार हाय न्हवं? त्याची जागा तरी ठाव हाय ना तुला? कोण शेजारी, कोण समोर?"

"हाय."

"मग त्या जागेवर कोण बसतंय ते बघू की."

तिनं मला आधी हात धुवायला लावलं, मग दिंड खायला. वर तूप. मग ते पातेलं राखेनं घासलं, दोनदा घासलं. मी बघत होतो ती ते कुठं ठेवते. तिनं ते फळीवर बाकीच्या पातेल्यांच्या रांगेत, नेहमीच्या जागी ठेवलं.

दुपारी मी नकाशा काढायला बसलो. पाटीवर शिकलेला माणूस मी. पुसून पुन्हा काढल्याशिवाय मला जमत नाही. मास्तरांकडून खडू घेतला आणि ओट्यावरच्या एका मोठ्या शहाबादी फरशीवर काढायला लागलो. वडीची एक बाजू बघायची, एक रेघ ओढायची. उलटी करायची, चूक दिसली की ओल्या फडक्यानं पुसायची. संध्याकाळपर्यंत फरशी भरली. मधे एक रिकामी जागा ठेवली होती, तिच्याभोवती गोल.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तीच धडकी भरून: अक्का पहाटे ओटा झाडते, सडा टाकते! धावत बाहेर आलो. ओटा झाडलेला होता, ओला होता, आणि ती एक फरशी तेवढी कोरडी. तिच्या चारी कडांनी तिनं रांगोळीची बारीक ओळ ओढली होती, कुणी पाय देऊ नये म्हणून. पेपरवाल्याला ती बजावत होती, "तिकडून ये. हिकडं लेकरानं मांडून ठेवलंय."

फरशी उचलून दुकानात नेता येत नव्हती. म्हणून मी सांगितल्यावर उस्तादच आले. चपला काढल्या, ओट्यावर उकिडवे बसले आणि खडूच्या रेघांवरून बोट न टेकवता बोट फिरवत गेले. रिकाम्या गोलापाशी थांबले.

"ये खाली कायकू?"

मी सांगितलं.

उस्तादांनी वर बघितलं. अक्का दारात उभी होती. "बहन, ये मसाला निकाल्या कैसा?"

"दिंडासारखं उकडलं," अक्का म्हणाली.

उस्ताद इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले, डोळे पुसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. "चल. खाली जागा भरते."

दुकानात त्यांनी त्या एका जागेसाठी वेगवेगळ्या मापांचे कपॅसिटर काढून दिले. ट्रान्झिस्टर बदलला, वायरी जोडल्या, गिटारवाल्याला बोलावलं. एक कपॅसिटर लावायचा, त्यानं तार छेडायची.

"न्हाई. हा नुसता खोकतोय."

दुसरा.

"हा लईच फाटला. चिंध्या झाल्या."

"मियाँ," उस्ताद म्हणाले, "तेरेकू कित्ता फटा होना, एक बार बोल दे. मैं कपड़े की दुकान कू भेजतूं."

कितव्यांदा तरी त्यानं तार छेडली. डोळे मिटून परत छेडली. बाजारातला एक हमाल डोक्यावरच्या पोत्यासकट दारात थांबला. तो आवाज मला आजही सांगता येत नाही. फाटलेला होता, पण उबदार. जुनेराची गोधडी फाटलेलीच असते ना, तसा.

"हाच," गिटारवाला म्हणाला. "न्हाई, पहिल्याहून बरा हाय."

उस्तादांनी पायानंच दुसरं स्टूल टेबलाकडं सरकवलं. "बैठ," म्हणाले, आणि लगेच दुसऱ्या रेडिओत डोकं घातलं, मी बसतोय की नाही हे न बघता.

मी बसलो. संध्याकाळी घरी येऊन अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "बसलास? बरं झालं. पाय पोचतेत का खाली?"

त्या दिवसांनंतर कधीतरी माझा कप कोनाड्यात दिसेनासा झाला. नेमका कधी, ते माझ्या लक्षात आलं नाही. घरातल्या कपांत मिसळून गेला, आणि मग मलाही कोणता माझा ते ओळखता येईना. मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. फरशीवरची रांगोळी मात्र नकाशा पुसल्यावरही ती काही दिवस काढत राहिली. सवय लागली होती म्हणे.

पुढं आम्ही तसे बरेच डबे बनवले. उस्ताद सगळ्यांना सांगायचे, "हमारे यहाँ भाप का काम होता." त्या कामाच्या जोरावरच मी आणखी लांब, पुण्याला आलो. आता इथं माझं स्वतःचं टेबल आहे. मसाला भरलेले डबे कुठून कुठून येतात, आणि सोबतची माणसं गरम हवेचे पंप वापरतात. मी अजून आधी पातेलं ठेवतो, पाणी उकळतो. वाफ सोसणार नाही असे प्लास्टिकचे भाग कुठं दडले असतील त्याचा अंदाज घेतो. पंचमीला मात्र मी टेबलावर लोखंडाला हात लावत नाही. कुणी विचारलं तर घरातलं आहे म्हणतो.

अक्का तिथंच आहे, त्याच घरात. मास्तर निवृत्त झालेत. तिचा भाऊ त्यानंतरही आला नाही, आणि आता तर तो राहिलाच नाही. ती चौथीचा उपास अजून धरते, असं मास्तरांनी मागं भेटलो तेव्हा सांगितलं. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारायला भ्यालो.

पंचमी आली की मी दर वर्षी निघायचं ठरवतो आणि दर वर्षी अडकतो. पंचमीमागोमाग गणपती येतात, ऑर्केस्ट्रावाले दारात उभे राहतात, बंद डबे टेबलावर रचतात. ज्या स्टुलावर तिनं मला बसवलं, तेच मला उठू देत नाही. पण एका पंचमीला मी उठणार आहे. डबे पडून राहिले तर राहू देत. चौथीला संध्याकाळी मी बस स्टँडकडून त्या रस्त्यानं येईन. ती उंबऱ्याशी उभी असेल, आणि मला बघून उगीच तोरण नीट करायला लागेल. मी म्हणेन, अक्का, चल, पिशवी भर, मी मुराळी आलोय. आणि तिला राजेश्वरला घेऊन जाईन. ती चिंच असेल तर चिंचेला, नसेल तर जे झाड असेल त्याला झोका बांधीन, आणि ती खाली उतरव म्हणेपर्यंत चढवीन.